फळीवरचा रिकामा खिळा

१

हत्यार उसनं मागणाऱ्या माणसाचा मला लई राग येतो. आधीच सांगून ठेवते, पुढं गैरसमज नको. नवरा उसना मागा, एखाद वेळेस विचार करीन. पक्कड मागू नका.

मी दाक्षायणी. वायरमन. बाई असून वायरमन कशी, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी म्हणते, झटका बसताना करंट विचारतो काय, बाई हाय का बुवा? आयटीआय केली, लायसन काढलं, आणि आता बाळीवेशीपासून शेळगीपर्यंत कुणाचा पंखा थांबला की फोन मलाच येतो. नवरा प्रभु ह्याच लाईनीतला, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आयटीआयला आम्ही एकाच वर्गात होतो, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. कामात तो पक्का, पण हत्यारांची किंमत शून्य. पकडीनं खिळा ठोकणारा माणूस! लग्नानंतर पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला खरंच रडू आलं होतं.

माझी हत्यारं मी एकेक करून जमवलीत. मंगळवार बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगापुढं फतकल मारून बसायचं आणि हातानं चाचपत राहायचं. स्वस्तातली पक्कड तार कापत नाही, नुसती चावते. माझी जुनी जर्मन पक्कड तार कापते आणि आवाजसुद्धा करत नाही. लाकडी मुठीचे पेचकस, तार सोलायची सुरी, पितळी ओळंबा, सगळं कसं हातात घेतलं की आपलं वाटतं. आणि हे सगळं टांगलेलं असतं ती माझी फळी.

फळीसुद्धा भंगारातलीच. बंद पडलेल्या एका गिरणीची शेड पाडत होते तेव्हा मिळाली. गिरणीच्या टूलरूममधली सागवानी फळी, खिळ्यांच्या रांगा आहेत तशाच. तिला जवसाचं तेल पाजलं आणि समोरच्या खोलीत, दारातनं आत आल्या आल्या दिसेल अशी भिंतीवर ठोकली. जवळजवळ प्रत्येक खिळ्यावर एक हत्यार आणि हत्याराभोवती पांढऱ्या ऑइलपेंटनं त्याचा आकार. हत्यार जाग्यावर नसलं की आकार रिकामा दिसतो, शोधाशोध नको.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत फिटर होते. त्यांनी सांगितलेला टूलरूमचा नियम मी घरात चालवते. हत्यार न्यायचं तर आपला पितळी बिल्ला त्या खिळ्यावर अडकवायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. हत्यार हरवलं तर बिल्ला तिथंच लटकणार. जोडीदाराचा बिल्ला सोडवायचाच असेल तर त्याच्या जागी आपला अडकवायचा. घरात बिल्ला कुठला? म्हणून प्रभु कधी कंगवा अडकवतो, कधी घड्याळ. एकदा तर अर्धा खाल्लेला पेरू अडकवून गेला होता. आल्यावर त्याला तोच पेरू खायला लावला मी.

२

चैत्रातल्या एका सकाळी मी फळी पुसत होते. खालच्या रांगेत कोपऱ्यातला एक खिळा पहिल्यापासून रिकामा होता. त्याच्याभोवती मला आकार दिसला. लांबट, वर टोपी, खाली चपटं टोक. टेस्टरचा आकार.

माझा टेस्टर वरच्या रांगेत असतो, आणि तो तिथंच होता.

"प्रभ्या!" मी ओरडले. "माझ्या फळीला ब्रश कुणी लावला?"

तो तोंडात टूथब्रश घेऊनच आला. "हा एकच ब्रश लावतो मी. काय झालं?"

"हे काय काढून ठेवलंस?"

त्यानं वाकून बघितलं. "मी न्हाय बा. सिद्धरामेश्वराची शप्पथ. तुझ्या फळीला हात लावायची माझी छाती हाय काय?"

ते मात्र खरं होतं. मी नखानं रेघ खरवडली. पेंट ताजा असता तर निघाला असता, पण निघाला नाही. मग सुरीचं टोक लावलं. रेघ लाकडात मुरली होती. आणि आकाराच्या आतलं लाकूड बाकीच्या फळीपेक्षा फिकट होतं. भिंतीवरचा जुना फोटो काढला की मागं जसा चौकोन राहतो, तसं.

मी डोकं चालवलं. फळी गिरणीतली, तिथं ह्या खिळ्यावर टेस्टर टांगत असतील. माझ्या तेलानं वरचा मळ सुटला आणि जुना आकार वर आला. झालं. ह्यात कसली आलीय भानगड?

पण ती फळी मी स्वतः घासली होती. पॉलिश पेपरनं, अंगणात बसून, कोपरा न् कोपरा. तेव्हा तिथं काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनसुद्धा मी त्यावर जास्त विचार केला नाही. दिवसभर कामं होती.

३

त्याच आठवड्यात साखर पेठेतल्या शिवम्माकडं मी मिक्सरचा पॉइंट बदलायला गेले. शिवम्मा म्हातारी एकटीच राहते. तिचे मालक सिद्धलिंगप्पा गिरणीत वायरमन होते, मागच्या पावसाळ्यात गेले. काम झाल्यावर तिनं ताकाचा पेला दिला आणि कपाटातनं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं.

"तंगी, हे तुला ठेवलंय बघ. माझ्याकडं असून काय उपेग?" मला ती तंगी म्हणते, म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

फडक्यात टेस्टर होता. जुना, जाड काचेचा, आतली स्प्रिंग अजून चकचकीत, टोक कुठंही बोथट नाही. असला टेस्टर आता डोळ्यांनी बघायला मिळत नाही. माझे हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू.

"मालकांचा का हो?"

"गिरणीचा. बंद पडली त्या दिवशी खिशात राहिला न् तसाच घरी आला. परत करायला गेले तर गेटला कुलूप." तिनं टेस्टर पदरानं पुसला. "तेव्हापासनं त्यांनी लाईटीचं काम सोडलं. कारण विचारलं की म्हणायचे, माझा हात गिरणीत राहिला. वेड्यावानी बोलायचे बघ. चांगला धडधाकट हात होता की. भाकरी खायचे, पाणी शेंदायचे."

मला वाटलं, म्हाताऱ्याला कामाची आठवण येत असेल. घरी आले आणि टेस्टर त्या कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवला. आकारात तो असा बसला की कडेची रेघसुद्धा दिसेना.

भीती वाटायला पाहिजे होती. वाटला तो आनंद. हत्यारं जमवणाऱ्या माणसाला ही एक खोड असते, जागा भरली की बरं वाटतं. रात्री प्रभुला चारदा उठवून दाखवलं असेल मी.

४

प्रभुनं तो टेस्टर मागितला तेव्हा खरं तर मी नाही म्हणायला पाहिजे होतं.

सकाळची घाई. त्याचा टेस्टर आदल्या दिवशी फुटला होता आणि कारखान्याची गाडी कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवत होती. मी चुलीपुढं होते, म्हणजे गॅसपुढं, पण आमच्यात अजून चूलच म्हणतात. भाकरी तव्यावर होती.

"दाक्षा, तो म्हाताऱ्याचा टेस्टर नेतोय गं!"

"माझा ने. तो नको."

"तुझा तुला लागतोय की. संध्याकाळी आणतो."

"काय ठेवलंस खिळ्याला?"

तो खिसे चाचपत होता. कंगवा, घड्याळ, किल्ली, सगळं पिशवीत, आणि पिशवी कोपऱ्यावर गाडीत दिलेली. मी उलथनं घेऊनच बाहेर आले. माझा अवतार बघून त्याला हसू फुटलं. त्यानं उजवा पंजा उघडला आणि त्या रिकाम्या खिळ्यावर, फळीला सपाट लावून धरला.

"हा घे. हात ठेवला तारण. आता तरी जाऊ दे माझे आई."

मलाही हसू आलं. तो पळत गेला. मागं भाकरी करपल्याचा वास आला म्हणून मी आत पळाले.

दुपारी कामावरनं घरी आले, सँडल काढले आणि वर बघितलं. कोपऱ्यातल्या खिळ्याभोवती टेस्टरचा आकार नव्हता. तिथं पंजाचा आकार होता. पाच बोटं, अंगठा थोडा बाहेर झुकलेला. पांढरी बारीक रेघ, सुकलेली.

मी बोट लावलं. बाहेर ऊन रखरखत होतं, भिंत तापलेली, त्यामुळं फळी कोमट लागणारच. मी शेजारच्या खिळ्याखाली हात लावून बघितला. तिथं गार लागलं.

५

संध्याकाळी प्रभु आला तो हात हलवत. टेस्टर नाही.

"पॅनेलवर राहिला वाटतं," तो म्हणाला. "उद्या आणतो, जातोय कुटं."

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तसं केलं नाही. मी नुसतं फळीकडं बोट केलं. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "चांगलं काढलंयस की. सेम माझाच हात." मी काढलं नाही म्हटलं तर त्याला वाटलं मी त्याच्या सकाळच्या चेष्टेची परतफेड करतेय. हसत हसत तो हातपाय धुवायला गेला.

शेजारच्या घरातला लाईटचा लाकडी बोर्ड ढिला झाला होता, तो आवळून द्यायचा होता मला. म्हणून मी जर्मन पक्कड काढायला गेले. ती त्या कोपऱ्याच्या शेजारच्या खिळ्यावर असते. धरली आणि ओढली. सुटेना. पुन्हा ओढली. पलीकडनं कुणीतरी दांडा धरून ठेवावा तशी ती अडली, आणि मग एकदम सैल झाली.

दांडा गरम होता. घामानं ओला.

मी शेजाऱ्याकडं गेले नाही. पक्कड टेबलावर ठेवली आणि प्रभुला हाक मारली.

"माझा टेस्टर घे. प्लगमधी घालून बघ."

"कशाला?"

"घाल म्हणते ना!"

टेस्टरचं एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. टेस्टर पेटतो तो माणसामुळं. टोक तारेला लावायचं, अंगठा मागच्या टोपीवर. कणभर करंट आपल्या अंगातनं जमिनीत जातो, आपल्याला कळतसुद्धा नाही, आणि तेवढ्यावर आतला दिवा लागतो. मध्ये माणूस नसेल तर दिवा नाही. म्हणून दिवा लागला की लाईन चालू, नाही लागला की बंद. आमचा जीव त्या दिव्यावर चालतो.

प्रभुनं उजव्या हातानं टेस्टर प्लगमध्ये घातला. दिवा लागला नाही. डोक्यावर पंखा फिरत होता.

"चपला काढ," मी म्हणाले.

रबरी चपला असल्या तरी दिवा लागत नाही कधीकधी. त्यानं काढल्या. दिवा नाही. कातडी कोरडी पडली तरी होतं असं. मी शहाबादी फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, त्याचा हात ओला केला, त्याला त्या पाण्यात अनवाणी उभा केला. दिवा नाही.

"डावा हात," मी म्हणाले.

डाव्या हातात लाल दिवा लख्ख पेटला.

त्यानं टेस्टर बाहेर काढला. मग तो म्हणाला, "शीर बीर आखडली असंल. आज दिवसभर पाने आवळत होतो." त्यानं मूठ मिटली, उघडली, माझ्या गालाला चिमटा काढला. हात चांगला होता, उबदार, ताकदीचा.

"उद्या कामावर जाऊ नको," मी म्हणाले.

"शटडाऊन हाय उद्या. जावंच लागतंय."

"मग टेस्टर डाव्या हातात धर. शप्पथ घे."

त्यानं घेतली. पण वायरमनचा हात मला माहीत आहे की. डोकं काही का म्हणेना, आधी उजवाच जातो.

६

सकाळी मी नळाचं पाणी भरून वर आले तोवर तो निघून गेला होता. माझा टेस्टर घेऊन. खिळ्याला कंगवा अडकवला होता.

मी फोन लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी स्कूटर काढली. पुणे नाका, केगाव, तिथनं पुढं हायवेला ट्रकांच्या मधनं मी कशी गेले ते मला आता आठवत नाही. एवढंच आठवतं की सगळ्या रस्त्याला मी मोठ्यानं बोलत होते, आणि कानडीत बोलत होते. घाबरले की माझ्या तोंडातनं माहेरची भाषा निघते.

वॉचमन ओळखीचा, त्यानं सोडलं. शेडमध्ये मशिनी बंद होत्या. एवढी मोठी शेड आणि आवाज नाही. फक्त कुठंतरी मागं, भिंतीपलीकडं, बारीक घरघर.

प्रभु पॅनेलपुढं उभा होता. दार उघडं, आतल्या तांब्याच्या पट्ट्या उघड्या. टेस्टर त्याच्या उजव्या हातात होता, टोक पट्टीला लागलेलं, दिवा विझलेला. डावा हात पाना घेऊन त्याच पट्टीकडं निघाला होता.

"बेडाऽऽ!"

नको म्हणून ओरडायचं होतं, निघालं ते कानडीच. तो दचकला, पाना खाली पडला.

"काय गं! लाईन बंद हाय की. मेन पाडलाय, फ्यूज माझ्या खिशात हायत. हे बघ, टेस्टर पण..."

मी त्याच्या हातातनं टेस्टर घेतला. त्याच पट्टीला टोक लावलं, टोपीवर अंगठा ठेवला. लाल दिवा पेटला. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत.

प्रभुचा चेहरा पांढराफटक पडला. भिंतीपलीकडची घरघर म्हणजे ऑफिससाठी लावलेला जनरेटर, आणि त्याची एक तार त्याच पॅनेलमध्ये आली होती. कुणाच्या ध्यानातच नव्हतं. बाकीचे लोक धावाधाव करायला लागले. मी खालीच बसले.

थोडं सावरल्यावर मी म्हाताऱ्याचा टेस्टर शोधायला लागले. पॅनेलच्या वर, पेटीत, पॅनेलच्या मागं. झाडलोट करणाऱ्या बजाबाई म्हणाल्या, "काल वायरींचा लई कचरा निघाला व्हता बाई. भंगाराचा टेम्पो आला न् समदं भरून गेला."

"कुठला टेम्पो?"

"मला काय ठावं? येत्यात की रोज चार."

हत्यार गेलं होतं. आणि हत्यार हरवलं की बिल्ला तिथंच लटकतो.

७

घरी आणला त्याला. आल्यावर पाणी प्याला आणि म्हणाला, "घामानं अंगाला चिकटचिकट झालंय, आंघोळ करतो." न्हाणीचं दार लागलं. बादलीत पाणी पडायला लागलं.

मी फळीपुढं उभी राहिले.

पहिला विचार आला, जाळून टाकावी. रॉकेल नाही, पण पेंटचं थिनर आहे. मग वाटलं, जाळली तर ह्याचा हात कुठं जाईल? सिद्धलिंगप्पांचं आठवलं. चांगला धडधाकट हात होता म्हणे. भाकरी खायचे, पाणी शेंदायचे. पण म्हातारा काम सोडून घरी बसला होता. माझा प्रभु घरी बसणारा नाही. ह्याला वीजच कळते, दुसरं काही येत नाही. आणि सवयीनं उजवा हात पुढं करील एक दिवस, मी प्रत्येक वेळी तिथं थोडीच असणार?

अप्पांचा नियम मला पाठ होता. जोडीदाराचा बिल्ला सोडवायचा तर आपला अडकवायचा.

स्वतःचंच हसू आलं. कुणाला साधी पक्कड न देणारी बाई मी. आणि भीती वाटत होती, तेही सांगते. मला माझा हात लई प्यारा आहे. त्यानंच मी घर चालवलंय.

मी उजवा पंजा उघडला आणि त्या आकारावर ठेवला.

लाकूड नव्हतं तिथं. लाकूड असतं तर मला कळलं असतं. तळव्याला तळवा लागला. बोटांत बोटं आली. मधल्या बोटाच्या बुडाशी जाड घट्टा होता, पेचकस पिळून पिळून पडलेला. तो घट्टा मी लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा हातात धरला होता. त्या हातानं माझा हात गच्च आवळला. सोडू नको म्हणत होता का पळ म्हणत होता, मला कळलं नाही. मग पकड सैल झाली, आणि माझ्या हाताखाली नुसती फळी राहिली. गार.

न्हाणीतनं प्रभु ओरडला, "अगं, टॉवेल दे की!"

तो बाहेर आला तसा ओल्या पायानं त्याला प्लगपुढं उभा केला. उजव्या हातात टेस्टर दिला. दिवा लागला, लाल, लख्ख.

"बघ," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण म्हणाला. "मी म्हणत होतो न्हाय? शीर आखडली होती."

मी मान हलवली. जेवायला वाढलं. त्यानं शेंगाचटणी दोनदा मागून घेतली. तो झोपल्यावर मी टेस्टर उजव्या हातात धरून प्लगमध्ये घातला. दिवा लागला नाही. वर पंखा फिरत होता.

८

मी सांगणार नव्हते. पण फळीवर त्याचं लक्ष गेलंच.

"हा हात लहान कसा झाला?" तो म्हणाला. "आणि मनगटाला ही रेघ कसली?"

ती माझ्या बांगडीची रेघ होती. एक काचेची बांगडी मी कामावरसुद्धा ठेवते, काचेतनं करंट जात नाही म्हणून. मग मला रडू कोसळलं आणि मी सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग माझ्या उजव्या हातात टेस्टर देऊन बघितला, आणि हसायचा थांबला. नंतर पुन्हा म्हणाला, "तुझी पण शीर आखडली असंल, दाक्षा. आपण डॉक्टरला दाखवू." असा आहे तो. घटकेत घाबरतो, घटकेत चेष्टा करतो. त्याला खरं काय वाटतं, ते मला बारा वर्षांत कधी कळलं नाही.

"मग मी तुझा सोडवू काय?" असं म्हणून त्यानं पंजा उचलला.

मी त्याच्यावर धावून गेले. मनगट धरलं, फरशीवर बसवलं, सिद्धरामेश्वराची शपथ घ्यायला लावली की फळीला हात लावणार नाही.

फळी उतरवायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा हातोडी उचलली आणि परत ठेवली. तिच्यावर माझंच काहीतरी टांगलंय, ते घेऊन मी कुठं टाकू? म्हणून आहे तशी राहू दिली. डाव्या हातानं काम करायला शिकले. चुकते, पण जमतं. उजव्या हातानं जेवते, वेणी घालते, तो हात कशाला कमी नाही. आणि रोज सकाळी प्रभु कामाला निघायच्या आधी मी टेस्टर उजव्या हातात धरते. दिवा लागत नाही. लागला नाही की मला बरं वाटतं. माझा हात फळीवर आहे, म्हणजे त्याचा त्याच्यापाशी आहे. मग मी त्याला जाऊ देते.

आज उशीर झाला. दूधवाला खालनंच ओरडत होता, म्हणून मी पातेलं घेऊन खाली गेले. वर आले तर प्रभु डबा घेऊन दारातच उभा होता. माझ्याकडं बघून हसला. "येतो गं," म्हणाला आणि जिन्यानं खाली गेला. कसलं हसू ते, माझ्या लक्षात आलं नाही. दूध तापत ठेवलं आणि मग टेस्टर घेतला.

दिवा लागला.

मी पुन्हा लावला. लागला. हात पुसला, चपला घातल्या, काढल्या. लागतोच आहे.

फळीवरचा आकार मोठा झालाय. अंगठा बाहेर झुकलेला. बांगडीची रेघ नाही.

त्यानं खरं मानून केलं असेल, माझ्यासाठी केलं असेल, तर तो टेस्टर डाव्या हातात धरील. जपून राहील, घरी येईल, मग मी काय करायचं ते करीन. पण चेष्टा म्हणून केलं असेल, मला खोटं पाडायला केलं असेल, तर आत्ता तो पॅनेल उघडून उभा असेल, उजव्या हातात टेस्टर धरून, आणि टेस्टर त्याला सांगत असेल की लाईन बंद आहे.

दूध उतू गेलंय. स्कूटरची किल्ली हातात आहे, आणि फोन कानाला. रिंग जातेय. उचल की रे. रिंग जातेय.